चांदण्यातला बर्फ आणि चार माणसं: रात्रीचं चित्र दुपारचं का वाटतं?

प्रश्न थोडक्यात असा. कॅनडात सस्कॅचवानमधल्या रेजायना शहरात राहणाऱ्या एका हौशी चित्रकाराने 24 बाय 36 इंचांच्या कॅनव्हासवर तैलरंगात चित्र केलंय. पौर्णिमेची रात्र, बर्फाने झाकलेला प्रेअरीचा माळ, आणि त्यावरून घरी परतणारी चार माणसं, दोन मोठी, दोन मुलं. माळ मोबाइलवर रात्री काढलेल्या फोटोवरून घेतला आहे, माणसं डिसेंबरातल्या दुपारच्या दुसऱ्या फोटोवरून. निळा भरपूर वापरूनही चित्र दिवसाचं वाटतं आणि माणसं वरून चिकटवल्यासारखी दिसतात. त्यांचं विचारणं : कोणता निळा वापरू? आणि चेहरे काढू की नको?

निळा बदलून काही होणार नाही, हे आधी सांगून टाकतो. तुमच्याकडे अल्ट्रामरीन आहे, प्रशियन आहे, दोन्ही पुरेसे आहेत. गडबड फोटोंमध्ये आहे, त्यातही रात्रीच्या फोटोत जास्त. मोबाइलचा नाइट मोड काही सेकंदांचा प्रकाश साठवतो, अनेक फ्रेम एकावर एक रचतो आणि मग तुम्हाला चित्र दाखवतो. चांदणं म्हणजे चंद्रावरून परतून आलेलं ऊनच. ते पुरेसा वेळ गोळा केलं की फोटोत ऊनच उतरतं : आकाश निळं, कुंपणाच्या तारा स्पष्ट, गव्हाची धसकटं पिवळी. तुम्ही तो फोटो इमानेइतबारे उतरवला आणि वरून निळा फिरवला. त्यामुळे निळ्या काचेतून पाहिलेली दुपार तयार झाली.

डोळा असं पाहत नाही. पौर्णिमेचा प्रकाश भर उन्हाच्या साधारण 4 लाख पटींनी कमी असतो. इतक्या कमी उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी जवळजवळ हात टेकतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. दंडपेशींना रंगातला फरक कळत नाही, पण हिरव्या-निळ्या उजेडाला त्या जास्त जाग्या असतात आणि लाल उजेडाला जवळपास आंधळ्या. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे नोंदवून ठेवलं : उजेड कमी होत जातो तसा लाल रंग आधी काळवंडतो, निळा-हिरवा मागे राहतो. गंमत म्हणजे चांदणं मोजायला गेलं तर ते उन्हापेक्षा किंचित तांबूसच भरतं. निळेपणा आपल्या डोळ्याचा आहे.

आता तुमच्या चित्रातल्या धाकट्या मुलाचं जॅकेट बघा. थेट ट्यूबमधला कॅडमियम रेड. चित्रातली सगळ्यात मोठी चूक म्हणून मी त्याच्याकडेच बोट दाखवेन. चांदण्यात ते जॅकेट जवळपास काळं दिसेल, आणि शेजारच्या मुलीची आकाशी टोपी, जी दुपारी त्याच्याइतकीच उठून दिसते, ती फिकट राखाडी होऊन पुढे येईल. हे एवढं एक बदललंत तरी चित्र संध्याकाळपर्यंत तरी पोचेल. बर्फामुळे उजेड बराच वाढतो, ताजा बर्फ पडलेल्या प्रकाशातला 80 ते 90 टक्के परत फेकतो, म्हणून रंग अगदीच पुसून टाकू नका. लालच्या जागी बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) कणभर अलिझरिन (गर्द किरमिजी) टाकून लावा. जवळून बघणाऱ्याला कळेल की हे लाल होतं, लांबून बघणाऱ्याला कळायची गरज नाही.

दुसरी चुगली सावल्या करतात. तुमच्याकडचं अक्षांश सुमारे 50 अंश उत्तर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य तिथे क्षितिजावर जेमतेम 16 अंश चढतो, म्हणून साडेपाच फुटी माणसाची सावली जवळपास 19 फूट पडते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून हिवाळ्यात सूर्य जितका खाली तितका चंद्र वर. मध्यरात्री तो 63 अंशांच्या आसपास असतो, काही वर्षी चार-पाच अंश वरखाली. त्याच माणसाची सावली मग तीन फुटांच्याही आत येते. पुण्यामुंबईकडे हा फरक इतका टोकाचा नसतो, त्यामुळे आपल्याकडे शिकलेल्या माणसाच्या तो पटकन लक्षात येत नाही. तुमच्या चित्रात चौघांच्या सावल्या उजवीकडे लांबलचक पसरल्यात. दुपारचा फोटो आहे हे त्या ओरडून सांगतात.

आणि तरी डाव्या कोपऱ्यात चंद्र आहे! चंद्र चित्रात दिसतो म्हणजे तो तुमच्या समोर आहे, आणि समोरच्या दिव्याची सावली बघणाऱ्याच्या दिशेने येते, आडवी जात नाही. शिवाय तो रुपयाच्या नाण्याएवढा काढलाय. आकाशात चंद्राची रुंदी अर्धा अंश. 36 इंच रुंदीत तुम्ही साधारण 40 अंशांचा देखावा बसवला असेल तर चंद्र अर्ध्या इंचाहून लहान हवा. माझं ऐकाल तर तो काढूनच टाका. चंद्र चौकटीबाहेर गेला की बर्फावरचा उजेड हाच चित्राचा विषय होतो. चंद्र ठेवायचाच असेल तर वेळ बदला. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, म्हणजे तुमच्याकडे डिसेंबरात पाचच्या आगेमागे, आणि हिवाळ्यात तो ईशान्येकडून वर येतो. त्या वेळी चंद्र पिवळसर, सावल्या लांब आणि फिक्या, आकाशात संधिप्रकाश शिल्लक. तेही छान चित्र आहे, पण ते वेगळं चित्र आहे. मध्यरात्रीचा बर्फ आणि उगवता चंद्र एका कॅनव्हासवर नांदत नाहीत.

या प्रकारात ज्याच्याकडून शिकावं असा चित्रकार म्हणजे फ्रेडरिक रेमिंग्टन. जन्म 1861, मृत्यू 1909. आयुष्यभर अमेरिकी पश्चिमेची, घोडेस्वारांची चित्रं मासिकांसाठी काढली, आणि शेवटच्या दहा वर्षांत रात्रीच्या मागे लागून सत्तरच्या वर रात्रचित्रं केली. त्यातली दोन तुमच्या कामाची आहेत. पहिलं मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यमस्टाउनच्या क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, ‘फ्रेंड्स ऑर फोज?’, 1902 ते 1905 मधलं. बर्फाच्या उंचवट्यावर घोड्यावर बसलेला एकटा टेहळ्या, आणि फार दूर, क्षितिजाशी, छावणीचे ठिपक्याएवढे दिवे. दुसरं ‘द लकलेस हंटर’, 1909, टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या सिड रिचर्डसन म्युझियममध्ये. अंगावरची शाल घट्ट लपेटून, मान घालून चाललेल्या घोड्यावरून रिकाम्या हाती परतणारा शिकारी.

दोन्ही चित्रं मोठ्या आकारात स्क्रीनवर उघडा आणि आधी ती कृष्णधवल करून बघा. अख्ख्या चित्रात शुद्ध पांढरा सापडणार नाही. बर्फ, जो आपल्या मनात पांढराशुभ्र आहे, तो मधल्या टोनवर, म्हणजे उजळ-गडदपणाच्या मधल्या पायरीवर बसवलेला आहे. मग रंग परत आणा. ‘लकलेस हंटर’चा बर्फ निळा नाही, हिरवट आहे. दंडपेशींचं शास्त्र रेमिंग्टनने वाचलं होतं की नाही यात मला रस नाही. त्याने बघितलं नीट होतं. आपण मात्र रात्र म्हटलं की हात आपोआप अल्ट्रामरीनकडे नेतो, कारण सिनेमाने आणि कॅलेंडरांनी तशी सवय लावली आहे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. रेमिंग्टनची नजर उसनी घेऊ नका. ही रात्रचित्रं त्याने न्यूयॉर्ककडच्या स्टुडिओत बसून रंगवली, आणि मूळनिवासी माणूस त्याच्या लेखी ‘मावळत चाललेली जमात’ होता. त्या माणसाचा एकटेपणा तो सुंदर करून दाखवतो, कारण सांगत नाही. शिकारी रिकाम्या हाती का आला? 1880 च्या दशकाअखेर बायसनचे (तिथल्या रानबैलांचे) कोट्यवधींचे कळप संपून अख्ख्या खंडावर हजारभर जनावरं उरली होती. तुमच्याच शहरात वास्काना ओढ्याकाठी त्यांच्या हाडांचे ढीग होते. तुम्ही चालता तो माळ ब्रिटिश राजसत्ता आणि मूळनिवासी यांच्यातल्या 1874 च्या चौथ्या कराराच्या प्रदेशातला आहे. हे सगळं चित्रात घालायचं नसतं, पण माळ ‘रिकामा’ समजून रंगवला की तो खोटा दिसतो.

माणसांकडे येऊ. चेहरे काढू की नको, या प्रश्नाचं उत्तर त्याच माळावरच्या दुसऱ्या परंपरेत आहे. लाकोटा आणि शेजारच्या मूळनिवासी जमाती ‘विंटर काउंट’ ठेवत : एका वर्षाला एक चित्र, बहुधा बायसनच्या कातड्यावर, वर्ष मोजायचं ते पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंत. लोन डॉग याने ठेवलेल्या प्रसिद्ध विंटर काउंटमध्ये 1800 ते 1871 पर्यंतची वर्षं मधून बाहेर वळत जातात. नोव्हेंबर 1833 मध्ये उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला. तो अनेक विंटर काउंटमध्ये आढळतो, ताऱ्यांनी भरलेलं आकाश म्हणून. त्यांतल्या माणसांना बहुतेक वेळा नाकडोळे नसतात. केस, पांघरूण, हातातली वस्तू, अंगावरचे ठिपके एवढ्यावर कोण आणि काय झालं ते कळतं. चांदण्यातही नेमकं हेच होतं. डोळ्याच्या मध्यबिंदूत दंडपेशी नसतातच, म्हणून अंधारात ज्याच्याकडे रोखून बघावं ते विरघळतं. चेहरा ही माणूस रोखून बघतो अशी पहिली जागा, म्हणजे पहिला तोच जातो. तेव्हा चेहरे काढू नका. हुडच्या आत नुसता गडद टोन ठेवा. ओळख चालीवरून पटू द्या : वडील थोडे पुढे झुकलेले, आईचा एक हात मागे मुलीकडे, धाकटा बाबांच्या पावलांच्या खुणांत पाय टाकत चाललेला म्हणून त्याची ढांग वयाच्या मानाने मोठी. तुमच्या दुपारच्या फोटोत ही शेवटची गोष्ट खरोखर आहे आणि चित्रात तुम्ही ती गाळलीत. लाल जॅकेट ठेवून ढांग गाळली, म्हणजे नेमकं उलटं झालं!

चिकटवल्यासारखी का दिसतात, त्याची कारणं तीन, आणि पहिलं निव्वळ भूमितीचं. रेजायनाचा परिसर हा हिमयुगातल्या सरोवराचा तळ आहे, पाट ठेवावा इतका सपाट. सपाट जमिनीवर तुम्ही उभे राहून बघत असाल तर तुमच्याच उंचीच्या प्रत्येक माणसाचे डोळे क्षितिजरेषेवर येतात, तो दहा फुटांवर असो वा पाचशे फुटांवर. मुलांची डोकी क्षितिजाखाली. तुमच्या चित्रात चौघंही कमरेपासून वर आकाशात गेली आहेत, म्हणजे बघणारा बर्फावर बसलेला हवा. पण समोरचा माळ मात्र उभ्या माणसाला दिसतो तसा पसरलाय. दोन्हींपैकी एक ठरवा. मी बसलेल्या नजरेला मत देईन, कारण मग मोठ्यांची डोकी आणि खांदे गडद आकाशावर येतात, पाय उजळ बर्फावर, आणि एकाच आकृतीत वरची कड हरवते तर खालची ठसठशीत उठते. ‘फ्रेंड्स ऑर फोज?’मध्ये घोडेस्वार कुठे आकाशात मिसळतो आणि कुठे बर्फावरून कापल्यासारखा उठतो ते बोटाने फिरवून बघा.

दुसरं, पाय. बर्फात माणूस उभा नसतो, रुतलेला असतो. बुटांचे तळवे दिसताहेत तोवर माणसं तरंगणार. पोटरीचा खालचा भाग बर्फाच्या टोननेच खाऊन टाका आणि मागे खुणांची माळ सोडा; त्यात चंद्राकडची कड गडद, समोरची कड किंचित उजळ.

तिसरं, चौघं सुटी सुटी आहेत. प्रत्येकाभोवती सारखी फट. रात्री डोळा सुटं सुटं मोजत नाही, त्याला एक गडद घोळका दिसतो आणि मग हळूहळू त्यात माणसं सापडतात. आई आणि मुलगी एकाच टोनमध्ये जोडून टाका, मधली रेघ काढूच नका. वडिलांना थोडं अंतर द्या. चंद्र जवळपास डोक्यावर आहे, म्हणून उजेड फक्त टोप्यांवर, खांद्यांवर आणि पाठपिशवीच्या वरच्या कडेवर. खालून बर्फाचा परतलेला उजेड जॅकेटच्या खालच्या घेराला किंचित लागतो. हा परतलेला उजेड दाखवायचा मोह आवरा, अर्ध्या टोनपेक्षा जास्त फरक नको.

टोनचा हिशेब मी असा ठेवतो. 1 काळा, 10 पांढरा धरला तर माणसं 2, डोक्यावरचं आकाश 3, क्षितिजाजवळचं आकाश 4 ते 5, सावल्या 4, उजेडातला बर्फ 6, फार तर साडेसहा. 8 फक्त एका जागी, वडिलांच्या खांद्यावर किंवा बर्फाच्या एखाद्या कडक सालीवर. 10 कुठेच नाही. तुमच्या चित्रात बर्फ 9 वर आहे आणि सावल्या 6 वर. मग निळा कुठलाही लावा, दिवसच राहणार. मोठ्या कॅनव्हासला हात लावण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या बोर्डवर फक्त चार राखाडींमध्ये हे चित्र करून बघा. ते बारा फुटांवरून रात्रीचं वाटलं तरच रंग बाहेर काढा.

मिश्रण साधं आहे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिळून मूळ गडद रंग; थंड हवा असेल तिथे निळा जास्त, माणसांत अंबर जास्त. बर्फासाठी या राखाडीत टायटॅनियम व्हाइट आणि व्हिरिडियनचा (थंड हिरवा) स्पर्श. उजेडातला बर्फ हिरवट राखाडी, सावलीतला जांभळट निळा. आकाशाला प्रशियन वापरायचा असेल तर सुरीच्या टोकावर मावेल एवढाच, तो बाकी सगळे रंग गिळतो. ट्यूबमधला काळा मी रात्रीसाठी वापरत नाही. तो थरांत उशिरा वाळतो आणि आकाशाला भोक पडल्यासारखं दिसतं. आणि माळ कोरा ठेवू नका. प्रेअरीवर वारा बर्फ एकसारखा राहूच देत नाही. कुठे धसकटांच्या ओळी वर आलेल्या, कुठे वाऱ्याने कोरलेल्या लाटा. धसकटांच्या ओळी क्षितिजाकडे जुळत गेल्या की खोली फुकटात मिळते.

गडद रंग निवडताना रशियन चित्रकार कुइंजीची गोष्ट लक्षात असू द्या. ‘नीपर नदीवरची चांदणी रात्र’ हे एकच चित्र त्याने 1880 मध्ये सेंट पीटर्सबर्गला अंधारलेल्या दालनात दिव्याखाली मांडलं. चित्रामागे दिवा लपवलाय की काय, असं लोकांना वाटायचं. पण त्याने वापरलेल्या रंगांत डांबरासारखं बिट्युमेन होतं, आणि काळाबरोबर चित्र बरंच काळवंडलं. आजच्या ट्यूबांत ती भीती नाही, तरी दालनाची गोष्ट कामाची आहे. रात्रीचं चित्र लख्ख पांढऱ्या दिव्याखाली रंगवलं की बैठकीच्या खोलीत ते काळं पडतं. जिथे टांगणार तितक्याच उजेडात रंगवा.

दूरच्या घराच्या खिडकीत पिवळा दिवा घालू का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. आपल्या मनावर सावळाराम हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’चा पगडा आहे, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या त्या जलरंगाचा : दिव्यावर धरलेला हात आणि बोटांतून झिरपणारा उजेड. तिथे दिवा माणूस दाखवतो, चेहऱ्यावर येतो. इथे दिवा माणसावर पडताच कामा नये. घालायचाच असेल तर रेमिंग्टनसारखा ठिपका, तोही 7 च्या वर न जाणारा. केशरी पुरेसा केशरी असला की तो पांढरा असावा लागत नाही.

प्रत्यक्ष बघायला बाहेर जा, पण रंगपेटी घरी ठेवा. माझ्या मुलीकडे मॅनिटोबात मी काही हिवाळे काढलेत, उणे 25 ला तैलरंग लोण्यासारखा घट्ट होतो आणि बोटं त्याआधी संपतात. चित्रकार व्हिसलर लंडनला थेम्सवरची रात्र पाठ करायचा : नीट बघायचं, मग पाठ फिरवून सोबत्याला काय काय दिसलं ते सांगायचं, चुकलं की परत बघायचं. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात मोबाइल एकदा जरी उघडलात तरी पहिल्यापासून सुरू. खिशात जाड पेन्सिल, वही आणि लाल उजेडाची विजेरी ठेवा. लाल उजेडाने दंडपेशी दिपत नाहीत. आकृती काढत बसू नका, टोनचे आकडे लिहा.

आत्ताचा कॅनव्हास वाया गेलेला नाही. रंग हाताला लागत नसेल तर वरून पातळ जवसाचं तेल पुसून घ्या आणि आधी बर्फ खाली आणा, मग सावल्या आखडा, मग चंद्र झाका, माणसं शेवटी. अंबरचे गडद भाग वाळले की निस्तेज दिसतात. ते फिके झाले समजून परत रंग चढवू नका, त्यावर तेलाचा हलका हात फिरवा, मूळ गडदपणा परत दिसेल. वार्निश सहा महिन्यांनी, आणि पूर्ण चकचकीत नको, गडद चित्रावर खोलीतला प्रत्येक दिवा आरशासारखा दिसतो. पुन्हा दाखवायचं असेल तर साध्या मोडवर, कॅनव्हासशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढा. कागद पांढरा आणि आकाश गडद, दोन्ही एकाच फोटोत आलं की मला टोन वाचता येतील.